जुन्या कॅमरीचं ट्रान्समिशन ऑइल बदलू, की आहे तसंच ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2004 ची चार सिलिंडरची टोयोटा कॅमरी, 1 लाख 38 हजार मैल झालेली, आधीच्या मालकाने ट्रान्समिशन ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही. गॅरेजवाला म्हणतो मशीन लावून फ्लश करून टाका, ऑफिसातला मित्र म्हणतो हात लावलात तर गिअरबॉक्स बसेल.

बदला. पण फ्लश नको. माझ्याकडे 2003 ची हीच गाडी आहे आणि न्यू जर्सीत घरासमोरच्या ड्राइव्हवेवर तिचं हे काम मी दोनदा केलंय. पहिल्या वेळी एक बोल्ट तोडला, ते पुढे सांगतो.

आधी मित्राचं. तो खोटं बोलत नाही, पण गोष्ट उलटी सांगतोय. बहुतेक लोकांना हे ऑइल आठवतं कधी, तर गाडी गिअर घ्यायला कुरकुर करायला लागल्यावर. तोवर आतल्या क्लच प्लेट झिजलेल्या असतात. नवं ऑइल भरतात, महिनाभरात ट्रान्समिशन जातं आणि बोभाटा होतो की ऑइल बदललं म्हणून गेलं. शेवटच्या घटका मोजणाऱ्याला ज्या डॉक्टरकडे नेलं, खापर त्याच्याच डोक्यावर.

म्हणून आधी ट्रान्समिशनची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, बघा. वीसेक मिनिटं गाडी फिरवून आणा, सपाट जागी लावा, इंजिन चालूच ठेवा, गिअर एकदा सगळीकडून फिरवून परत पी (पार्क) मध्ये. मग डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर पुसा. नवं ऑइल कोकमाच्या सरबतासारखं लाल आणि पारदर्शक असतं. कोऱ्या चहासारखं तपकिरी निघालं तर काही बिघडलेलं नाही, नुसतं जुनं झालंय. काळं असेल, जळका वास येत असेल आणि डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करत असेल, तर मात्र ऑइल बदलून ती बरी होईल अशी आशा धरू नका.

फ्लश का नको? मशीन ट्रान्समिशन ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या नळीला जोडतात, जुनं ऑइल ढकलून नवं भरतात. पॅन, म्हणजे ट्रान्समिशनच्या तळाची ऑइलची थाळी, उघडतच नाही. म्हणजे फिल्टर तोच, तळाचा गाळ तोच, आणि मुख्य म्हणजे आत काय चाललंय ते कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं.

आता काम. गाडी कोमट असू द्या, कडक तापलेली नको. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही जायचं नाही, यात चर्चा नाही. ट्रान्समिशनच्या ड्रेन प्लगला 10 मिमीची ॲलन की लागते. शेजारी इंजिन ऑइलचा प्लग आहे, त्याला 14 मिमीचा साधा पाना लागतो. हातात पाना आला तर थांबा, तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

निघालेलं ऑइल मोजून ठेवा, तेवढंच परत भरायचंय. साधारण साडेतीन लिटर निघतं. प्लग काढल्यावरही पॅनमध्ये थोडं उरतंच, त्यामुळे बोल्ट सैल करताना एक कोपरा आधी खाली येऊ द्या, नाहीतर ते बाहीतून काखेपर्यंत जातं. अनुभव आहे.

पॅन खाली आला की त्यातली लोहचुंबकं बघा. माझ्या मते या अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं हीच. माझ्या चुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप होता. बोटांत चोळला तर खरखर नाही, नुसता ग्रीससारखा. ही रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचतील असे धातूचे कण किंवा तुकडे दिसले तर गोष्ट वेगळी, मग नव्या ऑइलवर पैसे घालण्याआधी ट्रान्समिशनच्या जाणकाराला दाखवा.

फिल्टर काढताना अजून ऑइल ओघळतं, परात तिथेच राहू द्या. नवा बसवण्याआधी जुन्याचं सील वर चिकटून राहिलेलं नाही ना, बघा. पॅन ब्रेक क्लीनरने धुवा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, चुंबकं जागच्या जागी, नवी गॅस्केट कोरडीच बसवा. सिलिकॉन फासू नका, त्याचे दाणे सुटून आत जातात.

आणि आता तो बोल्ट. पॅनचे बोल्ट इंच-पौंडांत आवळायचे असतात, सत्तरच्या आसपास, म्हणजे सहा फूट-पौंडही नाही. मी सत्तर वाचलं, टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की ‘टिक’ करणारा पाना) फूट-पौंडांत सत्तरवर लावला आणि ‘टिक’ची वाट बघत राहिलो. टिक आली नाही, टक्‌ आली. बोल्टचं डोकं पान्यात, धड वर केसिंगमध्ये. रविवारची दुपार. उरलेला दांडा चार धागे बाहेर होता म्हणून पकडीने फिरवून निघाला, नाहीतर ती गाडी टो करून न्यावी लागली असती. छोटा पाना घ्या, दोन बोटांच्या जोराने समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळा.

ऑइल कुठलं, ते डिपस्टिकवरच छापलंय: टी-फोर, रोमन आकड्यात. 2005 च्या कॅमरीत पाच गिअरचं ट्रान्समिशन आलं, त्याला डब्ल्यूएस नावाचं दुसरं ऑइल लागतं. दोन्ही टोयोटाचीच म्हणून एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भरायचं डिपस्टिकच्याच नळीतून, लांब तोंडाचं नरसाळं लागेल. भरल्यावर इंजिन सुरू करा, ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमध्ये चार-पाच सेकंद थांबा, आधी थंडच्या खुणेपर्यंत आणा, मग फिरवून आणून गरमच्या खुणांमध्ये आहे का बघा. जास्त भरलं तर फेस होतो आणि फेसाने दाब बसत नाही, म्हणून शेवटचं अर्धा लिटर थोडं-थोडं घाला.

एका वेळेत सगळं ऑइल बदलत नाही. एकूण साधारण आठ लिटर, त्यातलं साडेतीन निघतं. उरलेलं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, अडकून असतं. हजारेक मैलांनी नुसता प्लग काढून पुन्हा तेवढंच बदला, आणि अजून एकदा. तीन वेळांत चार-पंचमांशाहून जास्त नवं झालेलं असतं. पॅन फक्त पहिल्या वेळी उघडायचा.

भारतात जुनी होंडा सिटी ऑटोमॅटिक असलेले कुणी हे वाचत असतील, तर त्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीला असा पॅनच नाही. फिल्टर केसिंगच्या आत, म्हणून फक्त प्लग काढून भरायचं. आणि तिची पातळी इंजिन बंद केल्यावर लगेच बघायची, आमच्यासारखी चालू ठेवून नाही.

जुनं ऑइल दुधाच्या रिकाम्या गॅलनांत भरून ठेवा. पार्ट्सची मोठी दुकानं ते फुकट घेतात, फक्त त्यात कूलंट किंवा ब्रेक क्लीनर मिसळू देऊ नका, मग घेत नाहीत.