खारघरच्या बाल्कनीत कॅटनिप: बूड का कुजतं आणि लावावं कधी

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. खारघरला बाल्कनी, दीडशे लिटरची टाकी, त्यात गोल्डफिश, वर खडीचा वाफा आणि बेल सायफन (वाफा भरला की पाणी आपोआप टाकीत सोडणारी नळी), म्हणजे माशांच्या पाण्यावर झाडं वाढवायची अ‍ॅक्वापोनिक्स पद्धत. पालक, पुदिना जोरात आहेत. जुलैत लावलेलं कॅटनिप, म्हणजे मांजरांना वेड लावणारं झाड, मात्र खालच्या पानांपासून पिवळं पडत गेलं, बुडाशी काळं झालं आणि आडवं पडलं. त्यावर कोणीतरी तुम्हाला एनपीके (नत्र, स्फुरद, पालाशचं) खत टाकायला सांगितलंय.

एनपीके अजिबात टाकू नका. त्यातला युरिया किंवा अमोनियम पाण्यात गेला की अमोनिया वाढतो आणि पहिला फटका माशांना बसतो. शिवाय तुमच्याकडे नत्र कमी नाहीच, पालक तशी वाढलीच नसती. लोह कमी असतं तर कोवळी पानं आधी पिवळी झाली असती आणि शिरा हिरव्या राहिल्या असत्या. खालून पिवळं, बुडाशी काळं आणि मऊ, म्हणजे कूज.

पुदिना फोफावतोय म्हणून कॅटनिपही फोफावेल, असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण दोन्ही तुळशीच्याच कुळातली. पण ही सख्खी भावंडं असली तरी एक ओढ्याकाठी वाढलेलं आणि दुसरं माळावर. कॅटनिप मूळचं युरोप आणि मध्य आशियातलं, निचऱ्याच्या, काहीशा कोरड्या जमिनीतलं. मुळांना पाणी चालतं, बूड सतत ओलं राहिलेलं चालत नाही. त्यात आपल्याकडचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे काय, खारघर काय, हवाच इतकी दमट की पानांवरचं पाणी दिवसभर वाळत नाही. अशा दिवसांत मी कॅटनिप लावतच नाही.

आपल्याकडे हे हिवाळी पीक समजा. घट बसतात त्या सुमारास बी टाका. बी बारीक असतं, ओल्या कोकोपीटवर पसरून वर अगदी पातळ थर द्या. आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतं. ऑक्टोबरच्या उन्हात रोपं घरातच, उजेडाच्या खिडकीशी ठेवा आणि दिवाळीनंतर वाफ्यात हलवा. होळीपर्यंत छान चालतं, नंतर पारा ३२-३३ च्या वर राहायला लागला की झाड रडतं. तेव्हा चांगल्या फांद्यांचे तुकडे पाण्यात ठेवून त्यांना मुळं फुटू द्या आणि पुढच्या हंगामासाठी सावलीतल्या कुंडीत जगवा.

वाफ्यातली जागा महत्त्वाची. पाणी पडतं त्या तोंडापासून लांबचा कोपरा निवडा. सायफन सुटायच्या आधी पाण्याची सर्वांत वरची पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या निदान ४-५ सेंटिमीटर खाली असली पाहिजे. ती स्टँडपाइपच्या, म्हणजे सायफनमधल्या उभ्या पाइपच्या, उंचीवर ठरते, पाइप थोडा कापा. कॅटनिपच्या जागी खडीचा छोटा उंचवटा करून रोप त्यावर लावा, म्हणजे मुळं खाली पाण्यापर्यंत जातात आणि बूड कोरडं राहतं. थर्माकोलच्या तराफ्यावर, मुळं कायम पाण्यात सोडून हे झाड लावायच्या फंदात पडू नका. वाफा मोठा करायचा विचार असेल तर वजनाचा हिशेब आधी करा. शंभर लिटर खडी म्हणजे दीडशे किलोच्या पुढे, वर पाणी वेगळं. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये असला संसार मांडलेले लोक मी पाहिलेत, खालून जाताना भीती वाटते.

आता पाणी. तुमच्याकडे येणारं धरणाचं पाणी मऊ असेल, तर त्यात क्षार कमी. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं, ते थोपवायला मऊ पाण्यात फारसं काही नसतं आणि पीएच हळूहळू घसरतो. सहाच्या खाली गेला की जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साठायला लागतो. ६.५ ते ७ च्या दरम्यान कॅटनिप, मासे, जीवाणू सगळ्यांचं भागतं. तिसऱ्या खात असाल तर शिंपल्या उकळून, वाळवून, फोडून जाळीच्या पिशवीत घालून टाकीत टांगा. पीएच उतरला की त्या आपोआप विरघळतात. कोवळी पानं खरंच पिवळी पडली तर डीटीपीए प्रकारचं चिलेटेड आयर्न (पाण्यात विरघळून राहणारं लोह) घ्या. ११ टक्केवाली पावडर शंभर लिटरला साधारण २ ग्रॅम, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून.

मिलीबग, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, येणारच. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी, बुरशीसाठी तांब्याचं औषध, यातलं काहीही वाफ्यावर फवारायचं नाही. फवारलेलं सगळं गळून टाकीतच जातं आणि माशांना ते सोसत नाही. पाण्याचा फवारा आणि जुना टूथब्रश, बस्स. फार झालं तर ती फांदी कापून टाका.

मांजरांबद्दल तुम्ही फक्त पानं खातील का एवढंच विचारलंय. मला दुसरी काळजी जास्त वाटते. मोकळी खडी दिसली की मांजर ती उकरून तिथेच शी करतं. त्याच पाण्यावर तुमची पालक आहे. वाफ्यावर बारीक तारेची जाळी घट्ट बसवाच, टाकीवरही. कॅटनिप खुडायचं आणि मांजरांना बाहेर द्यायचं. तसंही पान चुरगळलं की नेपेटालॅक्टोन, म्हणजे मांजरांना ओढणारं वासाचं द्रव्य, बाहेर पडतं, एकदा वास लागला की बोका झाडावर लोळून ते भुईसपाट करतो. झाड वीतभर झालं की वरचा तिसरा हिस्सा पेऱ्याच्या वर कापा, खालून दोन-दोन फुटवे येतात. वास सर्वांत उग्र असतो तो फुलं यायच्या सुमारास. वाळवायचं ते सावलीत, पंख्याखाली, आणि मग घट्ट झाकणाच्या बरणीत. एका वेळी दोन-चार पानं पुरेत, मुठीने दिलीत तर उलट्या, जुलाब होऊ शकतात.

आणि बी मागवण्याआधी पेट शॉपमधून वाळलेल्या कॅटनिपची छोटी पुडी आणून बघा. साधारण एक तृतीयांश मांजरांना याचं काहीच वाटत नाही, ते आनुवंशिक असतं. तुमचं तीन महिन्यांचं पिल्लू सध्या ढुंकूनही बघणार नाही, ते सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा दाखवा. मोठी मनी लोळली तर नवरात्रात बी टाका. नाही लोळली तर तो कोपरा मेथीला द्या.