‘एकपात्री’ कोण, नट की पातेले?

प्रश्न अमळनेरहून आलाय, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमचा. नायट्रोजन असलेल्या वलयी (अणू कड्यासारखे जोडलेल्या) संयुगांवर मराठीत टिपण काढताना त्यांनी ‘वन-पॉट सिंथेसिस’साठी, म्हणजे एकाच भांड्यात संयुग बनवण्यासाठी, ‘एकपात्री संश्लेषण’ लिहिलं आणि वर्गात हशा पिकला. शब्द चुकला का? आणि ‘रियुजेबल कॅटॅलिस्ट’ला, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या उत्प्रेरकाला (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला), काय म्हणावं?

मॅडम, शब्द चुकलेला नाही. संस्कृत ‘पा’ म्हणजे पिणे, त्यावरून ‘पात्र’ म्हणजे मुळात प्यायचं भांडं. पुढे ज्यात काही सामावतं ते सगळंच पात्र झालं : तापीचं पात्र, नाटकातलं पात्र, दान घ्यायला पात्र माणूस, आणि तुमची-आमची सेट-नेटची पात्रतासुद्धा. एकमार्गी, एकपदरी, तसंच एकपात्री. घडण अस्सल मराठी आहे. घोळ रंगभूमीमुळे होतो. त्यामुळे ‘एकपात्री संश्लेषण’ खुशाल लिहा, फक्त ‘एकपात्री प्रयोग’ लिहू नका. तिथे ‘पात्र’ही दुहेरी आणि ‘प्रयोग’ही दुहेरी; वाचणारा तिकीट कुठे मिळेल ते विचारेल. आपल्याकडे पातेल्याला गंजही म्हणतात, पण ‘एकगंजी’ नकोच. लोखंडाच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक असला तर आणखी पंचाईत!

आणखी एक गल्लत टाळा. एकपात्री म्हणजे बहुघटकी नव्हे. मधले पदार्थ वेगळे न काढता सगळं एकाच भांड्यात उरकलं की अभिक्रिया एकपात्री, मग घटक एकामागून एक टाकलेले का असेनात. तीन किंवा जास्त घटक मिळून एकच रेणू घडवतात ती बहुघटकी. १८९१ साली बिजिनेल्ली या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने आल्डिहाइड, ॲसिटोॲसेटिक एस्टर आणि युरिया यांपासून जे वलय बांधलं, ते दोन्ही नावांना पात्र आहे. वलयातले दोन्ही नायट्रोजन युरियाचे. केळीच्या बागेला गोणीतून घालतो तोच युरिया, हे रावेर-यावलच्या पोरांना सांगा, डोळे चमकतील. (शेतकरी ‘नत्र’ म्हणतो. ‘नत्रयुक्त वलय’ मला तरी ‘नायट्रोजनयुक्त’पेक्षा गोड लागतं.)

आता ‘पुनर्वापरयोग्य उत्प्रेरक’. व्याकरण ठीक, पण विशेषण अर्धीच गोष्ट सांगतं. उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, ही तर त्याची व्याख्याच. मग पुन्हा वापरता येतो यात नवल काय? नवल परत मिळण्यात आहे. द्रावणात विरघळलेलं आम्ल शेवटी धुऊन जातं, सापडत नाही. घन उत्प्रेरक गाळून घेता येतो. चुंबकीय असला तर भांड्याबाहेरून चुंबक लावायचा, कण एका बाजूला गोळा होतात आणि द्राव ओतून घेता येतो. मग कण धुवायचे, वाळवायचे, पुढच्या खेपेला घालायचे. हे सगळं ‘परत मिळणारा उत्प्रेरक’ या साध्या शब्दांत येतं. शीर्षकात भारदस्तपणा हवाच असेल तर ‘पुनर्प्राप्य’ लिहा.

काही जण उत्प्रेरकाला विरजणाची उपमा देतात. मला ती पटत नाही. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेवर जगतात, वाढतात. उद्याचं विरजण आजच्या दह्यातूनच निघतं. चुंबकाला चिकटलेले कण मात्र वाढत नाहीत. उलट दर धुण्यात थोडे हातचे जातात.