स्वस्त फिल्टर, सकाळची खडखड
प्रश्न : निम्म्या किमतीचा ऑइल फिल्टर टाकल्यापासून सकाळी इंजिन दोन-तीन सेकंद खडखडतं, ऑइलचा दिवाही उशिरा विझतो. सोलापूरच्या उन्हाचा परिणाम?

उत्तर : उन्हाला उगाच बोल लावू नका, चालू इंजिनातलं ऑइल एरवीही शंभर अंशांच्या आसपास असतं. संशय फिल्टरमधल्या रबरी झडपेचा; इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल तीच अडवून धरते. हलक्या मालात ती लवकर कडक होते. फिल्टर आडवा बसत असेल, तर रात्रीतून ऑइल खाली उतरतं आणि सुरू करताना बेअरिंग क्षणभर कोरडे फिरतात. कंपनीचाच फिल्टर घ्या, बिलासह. जुनं रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, पाहा. नव्या वायसरला बोटाने थोडं ऑइल लावा. फिल्टर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा, पाना नको. मग ऑइलची पातळी काडीवर तपासा. तरीही दिवा रेंगाळला, तर गाडी न चालवता ऑइलचा दाब मोजून घ्या.