अर्थतज्ज्ञांची वाक्ये संदर्भ सोडून वापरली जातात, हे सामान्य वाचकाने कसे ओळखावे?

मूळ पुस्तक उघडावे आणि त्या वाक्याच्या आधीचा व नंतरचा मजकूर वाचावा; याहून दुसरा मार्ग मला माहीत नाही. ज्यांच्याजवळ स्वतःचा मुद्दा नसतो तेच बहुधा थोरामोठ्यांची वाक्ये पुढे करतात, हे माझे मत अनुभवातून बनले आहे.

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी दुरुस्ती निधीची वर्गणी वाढवावी, असा ठराव मी मांडला होता. शेवटच्या मजल्यावरील घरांत दर पावसाळ्यात छतातून पाणी झिरपत होते. कार्यकारिणीतील एक सदस्य, जे आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत, उठून म्हणाले, "केन्स सांगूनच गेला आहे की दीर्घकाळात आपण सगळेच मेलेले असणार. मग पुढच्यांसाठी आपण आज खिसा का रिकामा करायचा?" सभेत हशा पिकला, टाळ्याही पडल्या आणि ठराव बारगळला.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सचे ते वाक्य १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ ट्रॅक्ट ऑन मॉनेटरी रिफॉर्म' या पुस्तकातील आहे. तेथे चर्चा चालली आहे ती पैशाचा पुरवठा आणि भावपातळी यांच्या संबंधाची. पुरवठा वाढला की भाव अखेरीस त्याच प्रमाणात वाढतील, हे दीर्घकाळात कदाचित खरे असेल, पण चालू व्यवहारात असा दीर्घकाळ दिशाभूल करतो, असे केन्स सांगतो आणि मग ते प्रसिद्ध वाक्य लिहितो. लगेच पुढे तो म्हणतो की, वादळ निघून गेल्यावर समुद्र पुन्हा शांत होईल, एवढेच जर अर्थतज्ज्ञांना ऐन वादळात सांगता येत असेल, तर त्यांनी फारच सोपे आणि निरुपयोगी काम पत्करले आहे. म्हणजे उद्याची पर्वा करू नका, असे केन्स म्हणतच नाही. आज संकट आहे तर आजच हालचाल करा, असे त्याचे म्हणणे आहे. ज्या गच्चीतून आज पाणी गळते तिच्या दुरुस्तीच्या बाजूने हे वाक्य उभे राहते, विरोधात नव्हे. ज्या पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय आहे, तेथे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला पुढचे वाक्य न वाचण्याची सबब नाही.

अर्धवट उद्धृताचे दुसरे उदाहरण पाहा. 'आता आपण सगळेच केन्सवादी (केन्सचे विचार मानणारे) आहोत' हे वाक्य केन्सच्या विचारांचा टीकाकार असलेल्या अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनच्या नावावर १९६५ च्या अखेरीस 'टाइम' साप्ताहिकात छापले गेले, तेव्हा त्याने पत्र लिहून खुलासा केला की, एका अर्थाने आपण सगळेच केन्सवादी आहोत आणि दुसऱ्या अर्थाने आता कोणीच केन्सवादी उरलेला नाही. तरीही अर्धेच वाक्य फिरत राहिले.

तेव्हा तुमच्याही सभेत कोणी असे वाक्य फेकले, तर पुस्तकाचे नाव आणि पुढचे वाक्य विचारा, आणि प्रश्नोत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय मतदान होऊ देऊ नका. अर्थात संदर्भ तपासला म्हणजे केन्सचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे असे नाही. त्याच १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात केन्सने पुरस्कारलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाला (देशात सोन्याची नाणी न फिरवता चलनाचे मूल्य सोन्याशी बांधून ठेवण्याच्या पद्धतीला) कडाडून विरोध केला, पण तो केन्सचा युक्तिवाद वाचकासमोर ठेवून केला.