आकाशगंगेसारख्या दीर्घिका सुरुवातीला तयार कशा झाल्या?

देवगडला रात्री लाईट गेली की आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसतो आणि हा प्रश्न पडतो, असं तुम्ही लिहिलंय. दीर्घिका म्हणजे तारे आणि वायू यांचा प्रचंड समूह; आपली आकाशगंगा त्यातलीच एक.

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. ते ३,८०,००० वर्षांचं असतानाच्या प्रकाशात, म्हणजे वैश्विक पार्श्वप्रारणात, ठिकठिकाणच्या तापमानात लाखात एक भागाइतका फरक सापडतो. पदार्थ कुठे किंचित दाट, कुठे विरळ, त्याची ही खूण. पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. आधी कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ, दाट जागी गोळा झालं, मग पावसात सड्यावरचं पाणी खळग्याकडे धावावं तसा हायड्रोजन आणि हेलियम तिकडे ओढला गेला. वायू थंड होऊन आकसला आणि पहिले तारे पेटले.

सुरुवातीच्या दीर्घिका लहान, बेढब होत्या. वायू गिळत, एकमेकींत मिसळत त्या वाढल्या. आपल्या आकाशगंगेनेही साधारण १००० कोटी वर्षांपूर्वी एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका पचवली. ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या ‘गाया’ यानाच्या मोजणीत तिचे तारे अजून वेगळे ओळखू येतात. मला हा पुरावा सगळ्यात भारी वाटतो.

घोळ एवढाच, की जेम्स वेब दुर्बिणीला महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, ३० कोटी वर्षांच्या आतच अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका दिसल्यात. त्या इतक्या लवकर कशा उजळल्या, यावर अजून वाद चालू आहे.