डिस्नीच्या डी२३ या चाहत्यांच्या मेळाव्यात रात्रभर रांग लावणं न्याय्य की आधी सोडत काढणं?

माझं मत सोडतीच्या बाजूने, पण आंधळेपणाने नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅनाहाइमच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, जिथे हा मेळावा भरतो, मोठ्या घोषणांच्या कार्यक्रमासाठी लोक आदल्या रात्रीपासून जमिनीवर चादरी अंथरून पडायचे. 'जो आधी येईल त्याला जागा' हे ऐकायला सरळ वाटतं, पण लहान मुलं असलेले, गुडघे दुखणारे किंवा हॉटेलचं भाडं न परवडणारे त्यात आपोआप मागे पडतात. २०२२ मध्ये आयोजकांनी आधी पसंती नोंदवायची आणि सोडतीने जागा द्यायची, अशी पद्धत आणली. साहजिकच, रांगेत झोपायची तयारी असलेले जुने चाहते वैतागले. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. सोडतीत हौसेला किंमत नसते.

टोकियो डिस्नीलँडमध्ये काही शोसाठी अ‍ॅपवर सोडत असते. ग्रुपमधल्या सगळ्यांची तिकिटं एकत्र निवडायची, बटण दाबायचं, निकाल लगेच. एका शोसाठी दिवसात एकच संधी. लागली नाही तर निदान दिवस तरी वाया जात नाही.

खरी गोची मेळाव्यातल्या दुकानांची. तिथे सोडतीपेक्षा माणशी किती वस्तू घ्यायच्या यावर मर्यादा हवी, नाहीतर नंबर लागलेलाच माल उचलून चढ्या भावाने ऑनलाइन विकतो.