‘उच्छृंखल’, ‘बेलगाम’, ‘निरंकुश’, ‘अनावर’ यांत फरक काय?

पहिल्या तिन्ही शब्दांत काहीतरी सुटलंय. काय सुटलं, तिथेच फरक. उच्छृंखल म्हणजे शृंखला, साखळी तोडलेला. उत् + शृंखल, त् आणि श मिळून च्छ. म्हणून ‘उश्रृंखल’ हे लेखन चूक. हा शब्द वागणुकीला, स्वभावाला लावतात. बेलगाममध्ये घोड्याचा लगाम आहे, म्हणून तो बोलण्याला किंवा खर्चाला जास्त शोभतो. निरंकुशमध्ये हत्तीचा अंकुश: प्राणी मोठा, तसा शब्दही सत्तेसाठी. ‘निरंकुश पोरगा’ म्हटलं तर हसू येईल.

अनावर वेगळा. तो माणसाला नव्हे, भावनेला लागतो: राग अनावर झाला, रडू अनावर झालं. ‘तो अनावर आहे’ हे कानाला खटकतं.

जवळचे आणखी काही: बेछूट (आरोप, गोळीबार), मोकाट (गुरं, कुत्री, आणि न पकडलेले गुन्हेगार), बेताल (वक्तव्य). मुलांसाठी उनाड, द्वाड, व्रात्य. यांत थोडं कौतुकही असतं. गंमत म्हणजे संस्कृतात व्रात्य म्हणजे संस्कारहीन, मराठीत तो नुसता खोडकर उरला. स्वैर मात्र जपून वापरा: ‘स्वैर वर्तन’ ही निंदा, ‘स्वैर अनुवाद’ नाही.